वेदीवर लाकडे कोणी घालावी?

मूळवचन : लेवीय ६ : १२, १३



मृग नक्षत्र लागले आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात ह्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय असतो : पऱ्हे कधी टाकावयाचे आणि रोवणी कधी लागावयाची. आणखी काही आठवड्यांनी बांध्यांत पाणी साचेल, चिखल होईल, आणि आमच्या मंडळ्यांतील बहुतेक बायामाणसे सकाळी घराबाहेर पडून दिवे लागल्यावर परततील. दरवर्षी ह्या दिवसांत उपासनामंदिरातील सतरंजी अर्धी रिकामी पडते. रविवारची उपासना कशीबशी चालते. घरातील उपासनेची तर गोष्टच बोलू नये. म्हणून पाऊस जोराने पडू लागण्यापूर्वीच, तुमचे मन अद्याप थोडे मोकळे आहे तोपर्यंत, आम्ही हा विषय तुम्हांपुढे ठेवीत आहो.

वर निर्देशिलेली दोन वचने आपापल्या पुस्तकात काढून वाचा. त्यांत याजकास दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक ही की, वेदीवरचा अग्नी विझू देऊ नये. दुसरी ही की, त्याने दररोज सकाळी तीवर लाकडे रचावी. पहिली आज्ञा मोठी वाटते व दुसरी अगदी क्षुल्लक. परंतु दुसरी पाळल्यावाचून पहिली पाळताच येत नाही.

हा अग्नी मनुष्याने पेटविलेला नव्हता हे ध्यानात धरा. त्याच ग्रंथाच्या ९ व्या अध्यायाच्या शेवटी सांगितले आहे की, तो परमेश्वराच्या समोरून निघाला व त्याने वेदीवरील होमबली भस्म केला. आणि ते पाहून सर्व लोक पालथे पडले. असा तो स्वर्गीय अग्नी! पण लाकूड काही स्वर्गातून आले नाही. ते रानातले होते. कोणी तरी ते तोडावयाचे, कोणी तरी वाहून आणावयाचे, आणि रोज उजाडताच याजकाने ते आपल्या हातांनी रचावयाचे. एके दिवशी याजक निजून राहिला असता तर देवाने पाठविलेला तो अग्नीही संध्याकाळपर्यंत राखेत गेला असता. देवाने आपले मोठे कार्य मनुष्याच्या इतक्या लहानशा कामावर टेकविले, ह्याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. तुमचा बाप्तिस्मा झाला, तुमच्या अंतःकरणात प्रभूविषयी प्रीती उत्पन्न झाली, हे तुमचे काम नव्हते. तो अग्नी त्याचाच आहे. परंतु उद्या सकाळचे लाकूड मात्र तो घालणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट त्याच अध्यायात, १० व्या व ११ व्या वचनांत, आहे. लाकडे घालण्यापूर्वी याजकाने कालची राख काढावयाची असे. हे आमच्या मायबहिणींस समजावून सांगावयास नको. ज्यांच्या घरी अजून चूल आहे, त्यांना ठाऊक आहे की राख साचली म्हणजे विस्तवास वारा लागत नाही व ओल्यासुक्या कोणत्याही लाकडाने नुसता धूर होतो. कित्येकांची प्रार्थना अशीच धुमसत असते. काल शेजाऱ्याशी झालेले भांडण, काल मुलास विनाकारण घातलेली शिवी, काल मापात केलेली लबाडी, ही सारी तशीच ठेवून आज पुन्हा हात जोडले तर डोळ्यांत पाणी येईल, पण ते धुराचे.

आता कोणी म्हणेल की, "आम्ही दर रविवारी उपासनेस जातो, तेवढे पुरे नव्हे काय?" ह्या प्रश्नाचे उत्तर गणना २८ व्या अध्यायात मिळते. इस्राएल लोकांनी दररोज दोन कोकरे अर्पावी, एक सकाळी व एक संध्याकाळी, अशी तेथे आज्ञा आहे. मग ९ व्या व १० व्या वचनांत शब्बाथाचे अर्पण सांगितले आहे : आणखी दोन कोकरे. आणि ही दोन नित्याच्या होमबलीखेरीज अर्पावयाची असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे शब्बाथ आला म्हणून रोजचे अर्पण सुटले नाही. उलट त्यावर भर पडली. आम्ही मात्र हिशेब उलटा केला आहे. सहा दिवसांचे सोडून देऊन सातव्याने सर्वांची भरपाई होते असे समजून चाललो आहो. पाया न भरता घरावर कवेलू चढविण्यासारखे हे आहे.

पण आम्हांस जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते ह्याहूनही निराळे आहे. प्रश्न असा आहे की, हे लाकूड घालावयाचे कोणी? मोशेच्या काळी ते काम अहरोनाच्या वंशाचे होते. नव्या करारात पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ९ व्या वचनात, विश्वासणाऱ्या सर्व लोकांस याजकगण म्हणतो. त्यांत बांधीत रोवणी करणारी बाई आली, राइस मिलमध्ये पोती उचलणारा हमाल आला, विडी वळणारी म्हातारी आली. हे आम्ही सर्वजण तोंडाने मान्य करितो. आमची प्रॉटेस्टंट मंडळी ह्याच शिक्षणावर उभी आहे. तरी व्यवहारात आम्ही काय केले? आम्ही पुन्हा एक अहरोन उभा केला, त्याला पाळकसाहेब म्हटले, आणि सगळी लाकडे त्याच्या अंगणात टाकून दिली.

ह्याचे फळ काय होते ते आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि ते लिहावयास आम्हांस लाज वाटते, तरी लिहितो.

काही वर्षांमागे, ऐन रोवणीच्या दिवसांत, देवरीच्या बाजूच्या एका लहान गावी आमच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ अत्यवस्थ झाले. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. गावापुढील नाल्याला पूर आला होता व रस्ता बंद पडला होता. रात्री त्यांनी मुलास जवळ बोलावून म्हटले की, मला तेविसावे स्तोत्र ऐकव. मुलगा चाळिशीचा, जन्मापासून ख्रिस्ती घरात वाढलेला, रविवारच्या उपासनेस सहसा न चुकणारा. त्याने पेटी उघडली, कापडात बांधून ठेवलेले पवित्र शास्त्र काढले, आणि विजेच्या दिव्याचा पत्ता नसल्यामुळे बॅटरीच्या उजेडात तो ते स्तोत्र शोधू लागला. त्यास ते सापडले नाही. पुस्तक मधोमध उघडले तर बहुधा स्तोत्रांतच उघडते. पण ज्या हातास पुस्तक उघडण्याची सवय नाही त्यास त्याचा मध्य कोठे ठाऊक असणार? त्याने मोबाईलवरून आम्हांस बोलावण्याचा प्रयत्न केला. पावसात तोही लागेना. मग बापाने म्हटले, असू दे, तू प्रार्थनाच कर. मुलगा गुडघे टेकून बसला, आणि त्याच्या तोंडातून शब्द निघेना. पहाटे म्हातारे गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर आम्ही तेथे पोहोंचलो. अंत्यविधी झाल्यावर त्या मुलाने हे सर्व आम्हांस सांगितले. त्याने आम्हांस दोष दिला नाही. तो एवढेच म्हणाला, "तुमी असते तं बरं झालं असतं जी." परतताना सबंध वाटभर हेच वाक्य आमच्या कानांत वाजत राहिले. त्याला ते आमच्याविषयीचे प्रेम वाटत होते. आम्हांस तो आमच्या इतक्या वर्षांच्या सेवेवरचा निकाल वाटला. आम्ही त्या घरी अनेक वेळा गेलो होतो. प्रत्येक वेळी आम्हीच वाचले, आम्हीच प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. त्या घरधन्याच्या हाती पुस्तक देऊन "आज तुम्ही वाचा" असे आम्ही एकदाही म्हटले नव्हते. त्याच्या वेदीवरची लाकडे आम्ही आपल्या मोटारसायकलवर घालून नेत होतो, आणि नाल्याला पूर आला तेव्हा लाकडे ह्या काठी व वेदी त्या काठी अशी स्थिती झाली.

आमच्या जिल्ह्यातील तलावांची कथा ह्या गोष्टीस इतकी जुळते की ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गोंदिया व भंडारा हे तलावांचे जिल्हे. पूर्वी ते एकच होते. १९९९ साली गोंदिया निराळा झाला. येथले जुने तलाव कोहळी समाजाच्या लोकांच्या कसबाची साक्ष देतात. नवेगावबांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी ह्यांच्या नावाशी जोडला जातो. हे तलाव एकदा बांधले म्हणजे झाले असे नव्हते. उन्हाळ्यात गाळ काढावा लागे, पाळीवर माती टाकावी लागे, पाट मोकळे करावे लागत. मालगुजाराचा अंमल कडक असे, त्यात जुलूमही होता, आणि तो गेला हे बरेच झाले. परंतु तलावाची निगा गावाच्या हातून होत होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी उठली व पुढील वर्षी तलाव सरकारजमा झाले. मग गावकरी म्हणू लागले, "तलाव सरकारचा, त्याची काळजी सरकार घेईल." सरकारजवळ हजारो तलाव, आणि प्रत्येकाच्या पाळीवर रोज फिरणारे पाय मात्र नाहीत. गाळ चढत गेला. कित्येक ठिकाणी पोटात बेशरमीची झाडे माजली, काठ शेतांत गेले, मासे कमी झाले. कोणी शत्रू येऊन तलाव फोडले नाहीत. ज्याने रोज पाहावयाचे त्याने "हे दुसऱ्याचे काम" म्हटले, एवढेच झाले.

घरची उपासना मंडळीच्या खात्यावर जमा करून टाकली म्हणजे नेमके हेच घडते. पाळक वाईट नसतो. पण त्याच्याकडे पुष्कळ गावे असतात, आणि तुमच्या घराच्या पाळीवर रोज फिरणारे पाय त्याचे नव्हेत.

ह्या कथेचा पुढचा भागही आहे, आणि तो आशेचा आहे. अलीकडच्या काळात अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही गावांच्या ढिवर बांधवांनी कंबर बांधून आपल्या तलावांतील बेशरम उपटली, माशांस मानवणाऱ्या देशी पाणवनस्पती लाविल्या, आणि गेलेले मासे परत येऊ लागले. एलियाने कर्मेल डोंगरावर प्रथम काय केले ते १ राजे १८ : ३० मध्ये वाचा. अग्नी मागण्यापूर्वी त्याने मोडलेली वेदी नीट केली. तेव्हा ज्यांच्या घरची उपासना दहा-वीस वर्षे बंद पडली आहे, त्यांनी "आता काय व्हावयाचे" असे म्हणू नये.

येथे वेळेची अडचण पुढे केली जाईल. ती अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. शहरातील पुस्तके वाचून जे उपदेशक तुम्हांस रोज तासभर ध्यान करावयास सांगतात, त्यांनी एकदा जुलैत दिवसभर वाकून रोवणी करून पाहावी. प्रभूला तुमची पाठ ठाऊक आहे. परंतु एक विचार करा. मोहफुलांच्या दिवसांत तुम्ही किती वाजता उठता? फुले रात्री व पहाटे गळतात. ऊन चढले म्हणजे सुकतात, आणि उशीर केला तर गुरे व रानातली जनावरे ती खाऊन टाकितात. म्हणून अंधारात टोपली घेऊन बाया झाडाखाली जातात. तेंदूपानांच्या हंगामातही तसेच. पोटासाठी पहाट सापडते, आणि सापडलीच पाहिजे. निर्गम १६ व्या अध्यायातील मान्नाही असाच पहाटे वेचावयाचा असे. ऊन तापले म्हणजे तो वितळून जाई. आमच्या झाडीपट्टीतील माणसास तो अध्याय समजावयास कोणत्याही टीकाग्रंथाची गरज नाही.

मात्र मोह व मान्ना ह्यांत एक भेद आहे, आणि तोच येथे महत्त्वाचा आहे. मोहफुले वाळवून ठेविली तर पुढे कित्येक महिने पुरतात. मान्ना दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडत. शब्बाथासाठी आदल्या दिवशी वेचलेला तेवढा मात्र टिके. आम्ही रविवारचा उपदेश मोहफुलांसारखा वाळवून आठवडाभर पुरवू पाहतो. तो तसा टिकत नाही. बुधवारी घरात आजार शिरतो किंवा सावकाराचा माणूस दारी येतो, तेव्हा रविवारी पाळकाने काय सांगितले होते ते आठवूनही हाती लागत नाही. हे उपदेशकाच्या वाणीचे न्यून नसते. ते अन्नच त्या दिवसापुरते असते.

मग किती वेळ द्यावा? आमच्या मते, जेवढा तुम्ही वर्षाच्या सर्वांत कष्टाच्या दिवशीही देऊ शकाल तेवढाच नेम ठेवावा. दहा वचने आणि एक लहान प्रार्थना. दानीएल दिवसातून तीन वेळा प्रार्थना करीत असे. राजाच्या मनाईचा हुकूम निघाल्यावर त्याने काय केले ते दानीएल ६ : १० मध्ये पाहा. त्याने काही नवीन केले नाही. पूर्वी करीत असे तेच केले. संकट आल्यावर ज्याने पहिल्यानेच खिडकी उघडली असती त्यास ती गंजलेली सापडली असती.

कित्येकांस वाचता येत नाही. अशा घरांत शाळेत जाणारे मूल असतेच. त्याच्याकडून वाचवा, त्या मुलाचेही त्यात कल्याण आहे. आमच्या ओळखीची एक विधवा आजी आहे. तिला अक्षर येत नाही. तिने नातवाकडून रोज संध्याकाळी दोन-दोन वचने वाचवून घेऊन सबंध डोंगरावरील प्रवचन तोंडपाठ केले. नातू वाचताना एखादे वचन गाळतो तेव्हा तीच त्याला थांबविते. तिच्या घरी आम्ही गेलो असता आम्हीही जपून वाचतो.

आता पुष्कळांच्या हाती मोबाईल आहे, आणि त्यावर शास्त्राचे वाचन ऐकता येते. ज्यांस वाचता येत नाही त्यांना हे मोठे साहाय्य आहे. त्याची निंदा आम्ही करीत नाही. तथापि स्वानुभवाने सांगतो की, सकाळी डोळे उघडताच जो हात त्या यंत्राकडे जातो तो क्वचितच सरळ शास्त्राकडे पोहोंचतो. वाटेत त्यास पुष्कळ सोबती भेटतात. म्हणून ज्यांना वाचता येते त्यांनी छापील पुस्तकच उघडावे, आणि ते पेटीत न ठेवता, जेथे मीठमिरचीचा डबा ठेवता तितक्याच हाताजवळ ठेवावे.

आणखी एका गोष्टीचा आम्हांस खेद वाटतो. आमच्या गावांत संध्याकाळी हिंदू शेजाऱ्याच्या दारी दिवा लागतो. बौद्ध शेजाऱ्याच्या घरी वंदना ऐकू येते. मुसलमान बांधव काम थांबवून नमाज पढतो. आमच्या पूर्वजांच्या घरीही दिवेलागणीस हात जोडण्याची रीत होती. प्रभू ख्रिस्ताकडे आल्यावर ती जुनी रीत सुटली. पण तिच्या जागी नवी कोणती आली? पुष्कळ घरांत ती जागा रिकामीच राहिली आहे, आणि तेथे आता दूरचित्रवाणीसंच ठेवला आहे. शेजारी हे पाहतात. "तुमचा देव फक्त आयतवारचा का?" असे एकाने आमच्या एका तरुणास विचारले. तो तरुण चिडला. पण प्रश्न विचारणाऱ्याने खोटे काय म्हटले?

रोजच्या ह्या लहानशा नेमातून देव काय उत्पन्न करितो ह्याचे एक उदाहरण आमच्याच रुळांवरून गेलेले आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. ती गाडी आमच्या गोंदियावरून जाते. डब्यात एका अपरिचित युरोपियन गृहस्थाची गाठ पडली; त्याने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. उपदेशक मंडळी ही गोष्ट सांगताना त्या भेटीवरच थांबतात, कारण ती चमत्कारिक आहे. आम्हांस तिच्या पुढचा, कमी चमत्कारिक भाग अधिक मोलाचा वाटतो. टिळकांनी ते पुस्तक फेकून दिले नाही, की पेटीतही ठेविले नाही. त्यांनी ते आरंभापासून, खुणा करीत, वाचण्याचे मनावर घेतले, आणि वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांस तेथून हलवेना. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतील भेट देवाने घडविली. पाने मात्र टिळकांनीच उलटली.

तसेच केडगावचे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आत्म्याचे जे मोठे जागरण झाले त्याची कीर्ती जगभर गेली. पण त्या जूनच्या आधी, जानेवारीपासून, तेथील मुली व बाया रोज प्रार्थनेस जमत होत्या, हे सांगावयास लोक विसरतात. सहा महिने लाकडे रचली जात होती.

आता दोन शब्द आमच्या उपदेशक बंधूंस, आणि ते आम्ही प्रथम स्वतःस उद्देशून लिहितो. तुम्ही व आम्ही रोज पवित्र शास्त्र उघडतो, पण कशासाठी? रविवारचा उपदेश तयार करण्यासाठी, शब्बाथशाळेचा धडा काढण्यासाठी, प्रेतक्रियेस योग्य वचन शोधण्यासाठी. आचाऱ्याने शंभर पानांचा स्वयंपाक करावा व स्वतः उपाशी निजावे, अशी आमची गत होते. सेमिनरीत आम्ही मूळ भाषांची तोंडओळख करून घेतली, उपदेशाचे भाग कसे पाडावे हे शिकलो. परंतु आमच्या स्वतःच्या घरी, बायकोमुलांसह, किती संध्याकाळी वेदी थंड राहिली ह्याची नोंद कोठल्याही परीक्षेत झाली नाही. वर सांगितलेल्या त्या पावसाळ्यानंतर घरी आल्यावर आमच्या मंडळीणबाईंनी सरळ विचारले, "तुम्ही त्या मुलाला काय म्हणता? आपल्या मुलाला तरी तेविसावे स्तोत्र सापडेल काय?" आम्ही मुलास बोलाविले. त्यास सापडले, पण शोधावयास बराच वेळ लागला. त्या दिवसापासून आमच्या घरी जेवणापूर्वी उपासना होते, आणि पुस्तक पाळीपाळीने एकेकाच्या हाती जाते. आमची पाळी पाचव्या दिवशी येते. कधी कधी वाचन चुकते, कधी धाकटीस झोप येते, कधी भांडण होऊन दोघे रुसून बसतात. तरी लाकूड पडते.

घरभेटीस जाल तेव्हा हाच प्रयोग करा. आपले पुस्तक पिशवीतून काढू नका, घरातले मागा. ते आणावयास किती वेळ लागतो त्यावरून पुष्कळ कळते. ते आणले म्हणजे घरधन्यास किंवा घरधनिणीस वाचावयास सांगा. प्रार्थनाही त्यांच्याकडूनच करवा. ती अडखळेल, तेच तेच शब्द येतील, मध्येच कोंबडी आत येईल. थांबा. तुम्ही पूर्ण करू नका. पाळकाचे काम पाट मोकळा करण्याचे आहे. तो डोक्यावर घागर घेऊन प्रत्येक बांधीत पाणी घालू लागला तर एकही धान पिकणार नाही.

आमच्या मंडळ्यांतील पंचांशी बोलून आम्ही असे ठरविले आहे की, रोवणी लागेल त्या आठवड्याच्या सोमवारापासून सर्व घरांत मार्कचे शुभवर्तमान वाचावे. अध्याय सोळा आहेत. रोज अर्धा अध्याय घेतला तर बत्तीस दिवसांत ते पुरे होते, आणि तोपर्यंत बहुतेकांची रोवणीही आटोपते. ज्यांच्या घरी वाचणारे कोणीच नाही त्यांनी शेजारच्या ख्रिस्ती घरी जाऊन बसावे. त्या घरच्यांनी त्यांची वाट पाहावी, त्यांच्यावाचून आरंभ करू नये. जी कुटुंबे कामासाठी नागपूर किंवा रायपूरकडे जाणार आहेत त्यांनी पुस्तक बरोबर न्यावे, आणि तेथेही त्याच दिवशी तोच भाग वाचावा, म्हणजे येथे म्हातारी व तेथे मुलगा एकाच पानावर राहतील. एखादा दिवस चुकला तर मागचे भरून काढीत बसू नये. त्या दिवसाचा जो भाग असेल तो वाचून पुढे चालावे.

दुसऱ्या दिवशीच्या भागात पहिल्या अध्यायाचे ३५ वे वचन येईल. त्याच्या आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात सूर्य मावळल्यावर सगळे गाव दारापाशी जमले होते, आणि प्रभू रात्र पडेपर्यंत आजाऱ्यांस बरे करीत होता. मग दुसऱ्या दिवशी तो किती वाजता उठला व कोठे गेला, हे वाचणाऱ्याने तेथे थांबून घरातल्या लहानांस विचारावे.